इनास सरांचा वाटा

पेपर कसा गेला, हा प्रश्न इनास सरांनी कधीच कुणाला विचारला नाही. दादरच्या कुठल्यातरी शाळेत बँकेची परीक्षा असायची. ती संपली की इतर मुलांचे भाऊ, काका फाटकाशी थर्मास नाहीतर केळी घेऊन उभे असत. आमचे सर पॅड आणि पेन घेऊन उभे असत. आम्ही दिसलो की हात पुढे करून म्हणत, "अकरा ते वीस कोणाकडे? चल, बोल पटकन. पाणी नंतर पी. पाण्याबरोबर प्रश्न पोटात जातात."

त्या काळी प्रश्नपुस्तिका परीक्षेच्या खोलीतच परत द्यावी लागे. बाहेर नेता येत नसे. त्यावर सरांचं म्हणणं असं, की डोकं तर बाहेर नेता येतं ना? म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी ते आम्हाला प्रश्न वाटून देत. तू अकरा ते वीस, तू एकवीस ते तीस. परीक्षा देता देता आपल्या वाट्याचे दहा प्रश्न पर्यायांसकट पाठ करायचे आणि बाहेर आल्याबरोबर ओकायचे. शाळेच्या पायऱ्यांवर बसून सर ते उतरवून घेत, आठवड्याभरात सायक्लोस्टाइल करत आणि पुढच्या तुकडीला सोडवायला देत. वसई रोडला बँकेच्या परीक्षेचे आणखीही क्लास होते. पण ताजा, खरा पेपर फक्त इनास सरांकडेच मिळायचा.

त्यांचे जुने विद्यार्थी आता एक स्मरणिका काढणार आहेत. मीही लिहावं म्हणून दोनदा माणूस घरी येऊन गेला. "सरांच्या आठवणी, ताई. दोन पानं पुरे." मी लिहीन ते हे लोक छापणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला तो माणूस आवडत नसे आणि तो गेल्यावर एकाएकी आवडायला लागावा, असं काही घडलेलं नाही.

क्लास स्टेशनपासून जवळ, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली जातं फिरायचं आणि वर आमची बाकं थरथरायची. संध्याकाळी घरी गेले की आई म्हणायची, "आज काय भाकऱ्या थापायला गेली होतीस?" केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. सर मात्र त्या पिठातही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसत. त्यामुळे त्यांच्यावर पडलेलं पीठ कुणाला दिसत नसे. मुंबईतल्या एका कंपनीत ते कारकून होते. ती कंपनी बंद पडली, तेव्हापासून त्यांनी हा धंदा सुरू केला होता. धंदा हा शब्द माझा नाही, त्यांचाच. "मी काय फादर आहे तुमचं कल्याण करायला? धंदा आहे माझा," असं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत.

नावं ते लक्षात ठेवत नसत. गावावरून हाक मारत. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा होता, तो 'गोखिवरे'. मी उमेळ्याची, म्हणून 'उमेळे'. एकाच गावचे दोघे आले तर जो हुशार त्याला गावाचं नाव मिळे आणि दुसरा 'ए दुसरा' होई. वर्षभर 'ए दुसरा' म्हणवून घेतलेला एक मुलगा पुढे एका बँकेत मॅनेजर झाला. तो आजही ही गोष्ट हसत हसत सांगतो. मला काही हसू येत नाही.

शिकवत ते उत्तम, हे नाकारून चालणार नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सव्वाशेचे सोळा टक्के काढायला कागद घेतला होता. सरांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. "सव्वाशेचे सोळा टक्के म्हणजेच सोळाचे सव्वाशे टक्के. सोळा आणि त्याचा पाव, चार. वीस. कागद कशाला घाण करतेस?" इंग्रजी शब्दांचे अर्थ ते आमच्या घरांतून उचलून देत. ब्रिटल म्हणजे उन्हात वाळलेला बोंबील. स्टेल म्हणजे कालचे बांगडे. फ्रूगल, काटकसरी, म्हणजे 'आमची मिसेस'. हे शब्द आजही माझ्या डोक्यात त्याच वासासकट बसलेले आहेत. "डोकं चालवू नकोस, पेन चालव," हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं, "बँकेला हुशार माणूस नको असतो, झटपट माणूस पाहिजे असतो." आणि एखादा अडला की, "आवडला का प्रश्न? लग्न कर त्याच्याशी. नाहीतर पुढे चल."

आमचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून ते जी तालीम देत, ती मी कधी विसरणार नाही. टेबलावर गजराचं घड्याळ लावायचं, सगळ्यांना गणितं सोडवायला सांगायचं आणि एकेकाच्या बाकाशी उभं राहून त्याच्या दुखऱ्या जागी बोट घालायचं. माझं तेव्हा एक लग्न मोडलं होतं. आगाशीकडचं स्थळ होतं. बोलणी होऊन, तारीख धरून मुलाकडच्यांनी मागे घेतलं होतं. सर माझ्या बाकाशी आले आणि भर वर्गात म्हणाले, "काय गं उमेळे, रंगामुळे मोडलं की हुंड्यामुळे?" माझी पेन्सिल थांबली. "थांबलीस? परीक्षेत शेजारची बाई खोकली तरी थांबशील. गेले तुझे पाच मार्क." सगळा वर्ग खाली मान घालून सोडवत होता. त्या दिवशी मी घरी जाऊन वाडीतल्या विहिरीच्या काठावर बसले आणि मनसोक्त रडले. त्या रडण्याचा मला परीक्षेत काही उपयोग झाला नाही, आणि त्या टोमण्याचाही झाला नाही. शेजारची बाई खोकली, तेव्हा मी थांबलेच.

दमयंती मला याच क्लासात भेटली. अर्नाळ्याची कोळ्याची मुलगी, सरांच्या भाषेत 'अर्नाळा'. वडील गेल्यावर होडी विकावी लागली होती. आई सुकी मासळी घेऊन विरारच्या बाजारात बसायची. पाठीवर दोन धाकटे भाऊ. दमयंती बी.ए. झालेली, आणि आईच्या टोपलीशेजारी आपली टोपली ठेवायची नाही, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता. बँकेची परीक्षा तिने आधी दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. थोडक्यात म्हणजे अगदी थोडक्यात. तिच्या मागे बसणारे लागले आणि ती राहिली.

तिच्यापाशी एक गोष्ट होती, जी आमच्यापैकी कुणापाशीच नव्हती. एकदा पाहिलेली आकृती तिच्या डोळ्यांतून जात नसे. त्या परीक्षेत बुद्धिमत्तेच्या भागात आकृत्यांची मालिका असायची. चौकोनात त्रिकोण, त्रिकोणात ठिपका. ठिपका एक घर सरकतो, बाण उलटा फिरतो, पुढे काय येईल ते ओळखा. गणिताचे प्रश्न पाठ करता येतात, शब्दांचे तर सोपेच. आकृत्या पाठ करणं कुणाला जमत नसे, म्हणून दुसऱ्या कुठल्याही क्लासात त्या मिळत नसत. दमयंती फाटकाबाहेर यायची, सरांच्या पॅडवर त्या एकामागून एक काढून द्यायची आणि खालचे पाचही पर्याय क्रमाने काढायची. म्हणून सरांनी तिची फी माफ केली होती. तिची आई एकदा सुके जवळे घेऊन सरांना भेटायला आली होती. जिन्यात मला म्हणाली, "मास्तर पैसा घेत नाय गो पोरीचा. आजच्या दिसाला कोन करतो असं? देवमानूस हाय." दमयंती शेजारी उभी होती. तीही मान डोलावत होती.

मी चार महिने त्या आकृत्या सोडवल्या. तिने दोन परीक्षांतून आणलेल्या. सुरुवातीला मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. नंतर नंतर पान समोर आलं की हात आपोआप चालायचा. मधल्या सुट्टीत दमयंती माझ्या शेजारी बसून सांगायची, "ठिपक्याकडं बघू नको. ठिपका फसवतो. बाण बघ." सरांनी मला शिकवलं त्यापेक्षा जास्त मला तिने शिकवलं. आणि ज्या पानांवर शिकवलं ती पानंही तिचीच.

ती परीक्षा दमयंतीची शेवटची होती. त्यानंतर ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. तेव्हा खाजगी नोकऱ्या म्हणजे गोखिवऱ्याच्या कारखान्यात खोकी चिकटवणं, नाहीतर एखाद्या दुकानात उभं राहणं. आणि दोन भाऊ शाळेत. बँक लागली तर घर उभं राहणार, नाही लागली तर टोपली. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही, आणि सरांनाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात क्लास सुटल्यावर मी मागे थांबले. सर बशीतून कोरा चहा पीत होते. मी म्हटलं, "सर, या वेळेला दमयंतीला आकृत्या देऊ नका. तिचा शेवटचा चान्स आहे. तिला तिचा पेपर सोडवू द्या."

"तिने सांगितलं तुला बोलायला?"

"नाही."

"मग तुला कशाला पुळका?" त्यांनी बशी खाली ठेवली. "तू ज्या आकृत्यांवर शिकलीस, त्या कुणाच्या टायमातल्या आहेत? तेव्हा नाही आलीस सांगायला. आता स्वतः तयार झालीस, म्हणून पुढच्यांचं दार लावून घेतेस?"

मी वही उचलून जिना उतरले. घरी जाताना दहा उत्तरं सुचली, पण तोपर्यंत उमेळं आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दमयंतीलाच गाठलं आणि म्हटलं, "अगं, या वेळेला सरांचं काही आणू नकोस. विसरले म्हणून सांग." ती हसली. "बघू," म्हणाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी प्रश्न वाटले तेव्हा आकृत्यांचे दोन्ही संच, म्हणजे वीस प्रश्न, त्यांनी तिलाच दिले. दर वेळेला तिच्या वाट्याला एकच असायचा. मी सरांकडे पाहत राहिले. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उमेळे, तुझे एकेचाळीस ते पन्नास. इंग्लिश. सोपे आहेत, लाड करतोय तुझे."

परीक्षेच्या दिवशी मी आणि दमयंती वेगवेगळ्या खोल्यांत होतो. माझा पेपर बरा गेला. आकृत्या तर अशा गेल्या की मला त्या ओळखीच्याच वाटल्या. सरांचे दहा प्रश्न मी शेवटी, घंटा व्हायला थोडा वेळ असताना पाहिले. त्यामुळे बाहेर आल्यावर मला साडेसहा आठवले, तेही कुठे पर्याय गायब, कुठे प्रश्नच अर्धा. सर पॅडवर लिहिता लिहिता म्हणाले, "फाटकं जाळं घेऊन आली." मग दमयंती आली. ती पायरीवर बसली, पेन मागून घेतलं आणि दोन्ही संच काढून दिले. एकही रेघ न खोडता. सर तिच्या खांद्यावरून बघत होते आणि पहिल्यांदाच मी त्यांना खूश झालेलं पाहिलं. "अर्नाळा, तू एकटी बास आहेस," ते म्हणाले. दमयंतीचा चेहरा त्या शब्दांनी उजळला. मला मात्र धसका बसला. पण नेमका कशाचा, ते तेव्हा कळलं नाही.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, फक्त बैठक क्रमांक. माझा आला. तिचा आला नाही.

मी दुसऱ्याच दिवशी अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. दमयंती ते उलटे करत होती.  मीही तिच्या बरोबरीने बोंबील उलटे करू लागले. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "किती सोडवलेस?" ती म्हणाली, "गणिताचं अर्ध ऱ्हायलं. टाइमच पुरला नाय. दर वेळी नाय पुरत."

"अगं, पण तू आमच्यात सगळ्यांत झटपट. तुला वेळ कसा पुरत नाही?"

"आकृत्यांना लागतो ना. त्या डोळ्यात बसवाव्या लागतात."

"म्हणजे आधी त्या पाठ करतेस? आपला पेपर सोडवायच्या आधी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी वेडं विचारतेय. "मग? पयला वाटा होडीचा. होडी किनाऱ्याला लागली का आदी होडीचा वाटा काढतात, मग जाल्याचा, मग मानसांचा. मानसानं आदी आपलं घेतलं आनि मागनं काय उरलंच नाय, तं होडीला काय देनार? मास्तर फी घेत नाय. त्याचा वाटा पयला नको काढाया?"

मी तिथेच वाळूत बसले. तीन परीक्षा. तिन्ही वेळा या पोरीने पेपर उघडल्या उघडल्या, डोकं ताजं असताना, दुसऱ्याचं काम आधी केलं होतं. मग उरल्या वेळात आपलं. तिच्या बापाच्या होडीवर हे शिकवलं गेलं होतं आणि ते तिथे बरोबरच होतं. तसं केलं नाही तर दर्यावर माणसाला माणूस विचारत नाही. बँकेची परीक्षा ही होडी नव्हे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं, पण मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. आणि मग मला परीक्षेच्या दिवशीचा तो धसका आठवला. माझं जाळं फाटकं होतं. तिचं अख्खं होतं.

त्याच संध्याकाळी मी क्लासात गेले. पास झालेली मुलं सरांना पेढे द्यायला आली होती. मी मोकळ्या हाताने गेले. सर्वांसमोरच म्हणाले, "सर, दमयंतीचा नंबर नाही."

"बघितलं मी."

"ती आधी तुमच्या आकृत्या पाठ करते आणि मग पेपर सोडवते. तुम्हाला माहीत होतं?"

 सरांनी पेढे घेऊन उभ्या असलेल्या मुलांना हातानेच खाली जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "जो शेवटी पाठ करतो त्याचा माल तुटका येतो. तुझा आला तसा. तिचा कायम अख्खा आला. किती वर्षं मी हेच काम करतो? मला कळायला कितीसा वेळ लागला असेल?"

"मग एकदा सांगायचं होतंत! आधी तुझं, मग माझं. एवढंच."

"सांगितलं असतं तर आकृत्या तुटक्या आल्या असत्या." त्यांनी पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडली आणि एक पेढा माझ्यापुढे धरला. "दर वर्षाला तुझ्यासारखी पंधरा-वीस पोरं लागतात, उमेळे. त्या एकीच्या जिवावर. कर हिशेब. हिशेब मीच शिकवलाय ना तुला?"

मी पेढा घेतला नाही. हिशेब मात्र मला तिथल्या तिथे येत होता, आणि तो चुकलेला नव्हता. पंधरा-वीस घरांत दर महिन्याला पगार येऊ लागला होता. त्यातलं एक घर माझं. पण ज्याला समोरचं माणूस बुडताना दिसतं, ज्याला हाक मारायला एक वाक्य पुरतं, आणि जो ते वाक्य धंद्यासाठी गिळतो, त्याला मी माणसांत धरत नाही. हे मी त्यांना त्याच शब्दांत सांगितलं. त्यांना राग आला नाही. "जाताना दार लावून घे," म्हणाले, "पीठ येतं."

ते सगळं मी अर्नाळ्याला जाऊन दमयंतीलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "आयेला सांगू नको." बस. तिच्या आईचा देवमाणूस तिने शाबूत ठेवला. पुढल्या वर्षी विरारच्या बाजारात आईच्या टोपलीशेजारी तिची टोपली आली. धाकटे भाऊ शिकले. दोघांपैकी एकही अर्नाळ्यात राहिला नाही. मी दर पगाराला तिच्याकडून सुकट घेते, भाव न करता. ती मला भाव करायला लावते. "येवढा पगार फुकट देतीस काय गो," म्हणते आणि वर एक मूठ जास्त घालते. आम्ही परीक्षेचा विषय कधी काढत नाही.

क्लास पुढे वाढला. गिरणीची माडी सुटली, स्टेशनसमोर नव्या इमारतीत दोन खोल्या झाल्या. पास झालेल्यांच्या नावांचा फळा लागला. मी एकदा जाऊन माझं नाव पुसून आले होते. पुढल्या महिन्यात ते परत रंगवलेलं दिसलं. रस्त्यात सर दिसले तर मी दुसऱ्या बाजूने जायची. ते मात्र सायकल थांबवून ओरडत, "काय उमेळे, प्रमोशन झालं का?" मी कधी उत्तर दिलं नाही. माझं प्रमोशन झालं होतं.

सर गेले ते अचानक, शिकवता शिकवता. मातीला एवढी माणसं जमली, की चर्चच्या आवारात उभं राहायला जागा नव्हती. विरारपासून अंधेरीपर्यंतच्या बँकांतले कॅशियर, क्लार्क, ऑफिसर. कित्येकांनी त्या दिवशी रजा टाकली होती. मी का गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक तो खरंच गेला, याची खात्री करून घ्यायला गेले. जो तो दुसऱ्याला सांगत होता, सर नसते तर आज मी कुठे असतो. एक जण डोळे पुसत म्हणाला, "त्यांच्या त्या आकृत्या! पेपर उघडला आणि सगळ्या ओळखीच्या. मी तर त्या आकृत्यांवरच लागलो."

तेवढ्यात मला भिंतीजवळ दमयंती दिसली. चांगलं लुगडं नेसून, हातात मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन आली होती. मी तिच्याकडे गेले. तो डोळे पुसणाराही माझ्यामागे आला. त्याला वाटलं ही पण क्लासातलीच. मोठ्या आपुलकीने त्याने तिला विचारलं, "तुम्ही कुठल्या बँकेत?"

"मी नाय बँकेत," दमयंती म्हणाली. "मी अर्नाळ्याची."

"ज्या आकृत्यांवर तू लागलास ना," मी त्याला म्हटलं, आणि माझा आवाज मला आवरता येईना, "त्या हिने आणल्या. स्वतःचा पेपर सोडून आणल्या. तिन्ही वेळा. तू, मी, इथे उभी असलेली ही निम्मी माणसं हिच्या वेळेवर पगार खातोय, आणि त्या पेटीत झोपलेल्या माणसाला ते माहीत होतं."

माणसं वळून बघू लागली. तो बिचारा मेणबत्तीसारखा उभा. फादरांनी प्रार्थना मध्येच थांबवली की काय, असं मला वाटलं. दमयंतीने माझा दंड धरला. तिच्या हाताला सुक्या मासळीचा वास येत होता. "गप ऱ्हा गो," ती हळूच म्हणाली. "मेल्या मानसाफुडं भांडू नये."

 लोक पुढे होऊन मूठ मूठ माती टाकू लागले. दमयंतीही गेली, वाकली, माती टाकून आली. तिच्यात तेवढं मोठं मन आहे. माझ्यात नाही. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले, आणि शेवटची माणसं निघून जाईपर्यंत ते पुढे आणले नाहीत.